उशाची पांढरी भिंत

वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शाळेत शिकवता. नव्या पेशंटसाठी काहीतरी लिहून द्या ना. वाचून धीर येईल असं."

मी वही आणली आणि तीन महिने ती तशीच पडून राहिली. धीर येईल असं माझ्याकडे एकच आहे, मी जिवंत आहे. बाकी सगळं मी कशी वागले त्याचं आहे. आजारी माणूस बिचारा असतो असं लोक धरून चालतात. मी बिचारी नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे ज्यांना नुसता धीर हवा आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

घर

माझी आई विड्या वळायची. दोन खोल्यांचं घर, त्यात सुपात तंबाखू, पानं, दोरा. भिंतींना, अंथरुणाला, माझ्या शाळेच्या कपड्यांनाही तोच तपकिरी वास. वर्गातल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. तेव्हापासून मनात होतं, माझं घर होईल तेव्हा ते पांढरं असेल.

लग्नानंतर दहा वर्षांनी सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात घर झालं. माझा नवरा संजय मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, हाताला कायम काळं ग्रीस. तरीही मी भिंती पांढऱ्या केल्या, फरशी पांढरी घेतली, पडदे पांढरे, सोफ्याला पांढरे अभ्रे. हातमागावर बसणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून दोन पांढऱ्या चादरी मुद्दाम विणून घेतल्या. ते म्हणाले, "पोरी, आयुष्यात बिनरंगाची चादर पहिल्यांदाच विणली."

सोलापुरात पांढरं घर ठेवणं म्हणजे रोजचं भांडण. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की खिडकीच्या फटीतूनही माती येते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्या पाण्यातलं निम्मं मी पडद्यांवर ओतायचे. मुलगी श्रेया तेव्हा नऊ वर्षांची होती. ती घरात स्केचपेन वापरत नव्हती, वापरायला परवानगीच नव्हती.

आमच्या झोपायच्या खोलीत उशाकडची भिंत बाथरूमला लागून आहे. तिला ओल यायची. रंग फुगायचा, पापुद्रे पडायचे. दिवाळीला शाळेतल्या बाया घरी येणार होत्या, म्हणून मी त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पांढरं पॅनेल ठोकून घ्यायचं ठरवलं. रफिक मिस्त्रींनी भिंतीला तळहात लावला आणि म्हणाले, "भाभी, दिवार गिल्ली है. पैले पाइप का काम करो, बाद में ये लगाओ."

"दिसणार नाही ना वरून?"

"दिसेगा नै. पन अंदर रहेगा."

"मग लावा," मी म्हणाले. संजयही म्हणाला, आधी बाथरूम उकरू. मी म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर घरात तोडफोड नको. पॅनेल लागलं. खोली इतकी छान दिसायला लागली की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

तो दिवस

फेब्रुवारीत मांडीवर निळे डाग दिसायला लागले. वाटलं, पलंगाची कड लागली असेल. मग दात घासताना रक्त. मग एक दिवस वर्गात पेपर तपासताना नाकातून धार लागली आणि चौथीच्या मुलांचे सात-आठ पेपर भिजले. मुख्याध्यापकांनी रिक्षा बोलावली.

रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी कमरेच्या हाडातून पाणी काढलं, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मला कळलं. "रक्ताचा कॅन्सर आहे. वेगानं वाढणारा. पण औषध आहे. आजच ऍडमिट व्हायचं."

मी विचारलं, "सोमवारी आले तर चालेल? शनिवारी घरी पाणी येतं. पडदे धुवायचे राहिलेत."

डॉक्टरबाईंनी ऍडमिशनचा कागद माझ्यापुढे सरकवला. संजय उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं खिडकीतून दिसलं, तो पार्किंगमध्ये स्कूटरला धरून ओकत होता. मला त्याची दया आली नाही. राग आला. वाटलं, आजार मला झालाय आणि हा काय करतोय.

वॉर्ड

पहिले पाच आठवडे दवाखान्यात गेले. सकाळी सहाला रक्त घ्यायचे, सातला थर्मामीटर, दहाला डॉक्टरांचा राउंड, मग सलाईन. संध्याकाळी रिपोर्टचा आकडा. सगळा वॉर्ड त्या आकड्यावर जगायचा. कोणाच्या पेशी वाढल्या की त्याच्या घरचे लोक सगळ्यांना केळी वाटायचे, आणि आम्हाला कच्चं काही खायची मनाई, म्हणून ती केळी आमच्या नातेवाइकांनीच खायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर करकंबच्या एक बाई होत्या, शांताबाई. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या तोंडात फोड आले होते आणि त्यांना घाण वास यायचा. त्या माझ्याशी बोलायला लागल्या की मी मधला पडदा ओढून घ्यायचे. त्यांच्या लक्षात आलं असणारच. एका सकाळी त्यांची खाट रिकामी होती, गादी उलटी करून ठेवलेली.

सिस्टर म्हणाल्या, "काल दिवसभर विचारत होत्या, मास्तरीणबाई झोपल्यात का अजून?"

मी जागी होते. पडद्याआड जागी होते.

माझे केस गेले, नखं काळी पडली, पण पाचव्या आठवड्यात रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरी जा. पुढचे डोस घ्यायला दर महिन्याला यायचं. मधल्या काळात तुमच्या अंगात लढायला सैन्य नसेल. धूळ, गर्दी, कच्चं अन्न, सगळं टाळा. वेगळी खोली आहे का?"

"आहे," मी म्हणाले. त्या पाच आठवड्यांत पहिल्यांदाच मी छातीत हवा भरून बोलले. "पांढरीशुभ्र आहे."

आत्या

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या वैरागला राहतात. दोन एकर कोरडवाहू, तीन शेळ्या. शेळ्या जावेकडे सोपवून त्या आमच्याकडे आल्या. सत्तरी जवळ आलेली, पण पहाटे उठून पाणी तापवायच्या, माझं अन्न वेगळ्या भांड्यात उकडायच्या, श्रेयाची वेणी घालून तिला शाळेत पाठवायच्या. मला शेंगाची चटणी बंद होती, म्हणून त्यांनी स्वतःही ती खाणं सोडलं. हे मला खूप उशिरा, संजयकडून कळलं.

पहिल्या दिवशी खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "आगं, दवाखान्यातनं आलीस आन् पुन्ना दवाखान्यातच की. समदं पांढरं."

मी हसले नाही. दारावर कागद चिकटवला. आत येताना पाय धुणे. साबणानं हात दोनदा धुणे. तोंडाला मास्क. भिंतीला हात लावायचा नाही. आत्यांना वाचता येत नाही, म्हणून मी श्रेयाला तो कागद त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावायचे. रोज सकाळी. गरज नव्हती, त्यांना दुसऱ्या दिवशीच पाठ झालं होतं.

दिवसभर पलंगावर पडून मी भिंती बघायचे. पांढऱ्यावर सगळं दिसतं. मुंगी दिसते, केस दिसतो. दाराच्या चौकटीवर एकदा तपकिरी बोट उमटलेलं दिसलं. आत्या मिश्री लावतात. मी त्यांना बोलावलं, बोट दाखवलं आणि त्यांच्याकडून तो डाग पुसून घेतला. निघेना, तर पुन्हा पुसायला लावला. गुडघे धरून त्या वाकल्या होत्या. त्या वासानं मला माझ्या आईचं घर आठवत होतं आणि जितकं आठवत होतं तितकी मी वाईट होत होते.

मे महिन्यात दुसरा डोस झाला. घरी आल्यावर चार दिवसांनी आत्या माझ्या उशाची खोळ बदलत होत्या. त्या थांबल्या, पॅनेलजवळ नाक नेलं.

"हितं कुबट वास येतुया गं. भितीत कायतरी हाय."

"काही नाही."

"न्हाय की, येतुया. पावसाळ्यात कडब्याची गंज भिजली की येतो तसला. संजूला सांग, ही फळी काडून बग म्हणावं."

मी म्हणाले, "तो वास तुमच्या लुगड्याचा आहे, आत्या."

त्यांनी खोळ पूर्ण घातली. उशी थापटून नीट ठेवली. बाहेर गेल्या. त्या दिवशी त्यांनी दोनदा आंघोळ केली, आणि दुसऱ्या वेळी नळाला पाणी नव्हतं, पिंपातलं गार पाणी घेतलं.

ताप

दोन दिवसांनी मला थंडी वाजली. ताप एकशे दोन. त्यात कोरडा खोकला. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की ताप आला की तासाभरात निघायचं, म्हणून संजय कपडे भरत होता. आत्या माझ्या पायात मोजे घालायला वाकल्या.

मी पाय ओढून घेतला आणि ओरडले. "हात लावू नका! तुमच्यामुळं आलाय ताप. शेळ्यात हात घालणारी माणसं तुम्ही. किती धुतलं तरी तुमच्या हाताची घाण जात नाही. मी मेले तर तुमच्या हातानं मरेन."

संजय म्हणाला, "मनीषा, बास."

आणि दारात उभी असलेली श्रेया, जिनं महिनाभर रोज तो कागद वाचला होता, ती आजीला म्हणाली, "आजी, तू घाण आहेस. तू जा ना तुझ्या घरी."

ती माझ्याच आवाजात बोलली. माझेच शब्द, माझीच हनुवटी वर करायची सवय. मला ते ऐकू आलं आणि मी तिला गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं, माझ्या बाजूनं कोणीतरी आहे म्हणून.

संजय मला दवाखान्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला तेव्हा आत्यांनी सगळे पडदे धुऊन वाळत घातले होते आणि पिशवी भरून त्या ओट्यावर बसल्या होत्या. तो म्हणाला, थांब. त्या म्हणाल्या, "मला ष्टँडवर सोड." दुपारच्या एसटीनं त्या वैरागला गेल्या.

मला सांगताना तो एवढंच म्हणाला, "आई गेली." क्षणभर मी वेगळाच अर्थ घेतला. मग कळल्यावर मी म्हणाले, "चला, बरं झालं." त्यानंतर तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. सूप भरवायचा, तोंड पुसायचा, पाठीला हात देऊन बसवायचा, पण एक शब्द नाही.

पॅनेल

ताप उतरेना. आत्यांना जाऊन आठवडा झाला तरी उतरेना. खोकल्यातून रक्त यायला लागलं. छातीचा स्कॅन काढला. डॉक्टरबाई फिल्म घेऊन आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"फुफ्फुसात बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "ही माणसाच्या हातानं येत नाही. हवेतून येते. धडधाकट माणूस रोज ओढतो, त्याला काही होत नाही. तुम्हाला होतं. घरात कुठे ओल आहे? जुनं बांधकाम, भिजलेलं लाकूड?"

"डॉक्टर, माझ्या घरात एक डाग नाही. सगळं पांढरं आहे."

"पांढरं वेगळं आणि स्वच्छ वेगळं. ओल आहे का, ते सांगा."

मी संजयकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग उठला आणि घरी गेला.

दोन तासांनी तो परत आला. अंगावर, केसांत पांढऱ्या प्लायचे तुकडे. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. पॅनेल उखडलं होतं. मागची भिंत काळी झाली होती, कडेला हिरवी, आणि त्यावर लव, जनावराच्या कातडीवर असते तशी. जिथे माझी उशी असते तिथे सगळ्यात दाट.

"पुढचा फोटो बघ," तो म्हणाला.

पुढचा फोटो पॅनेलच्या आतल्या बाजूचा होता, तिथेही तीच काळी लव. मी बघितला.

तो म्हणाला, "आईनं सांगितलं होतं तुला. मला फोनवर म्हणाली ती. मी विचारलं, मग जोर का नाही केलास? तर म्हणाली, ती म्हणती तो वास माझाच हाय, मला बी मग तसंच वाटाय लागलं."

मी मोबाइल त्याला परत दिला. मग खोकला आला.

त्यापुढचे दोन महिने मी इथे थोडक्यात सांगते. बुरशीचं इंजेक्शन चढायला लागलं की अंग इतकं थडथडायचं की खाट हलायची, दोन सिस्टर धरून बसायच्या. कॅन्सरचे डोस थांबले, आणि ते थांबलेले दिवस म्हणजे कॅन्सरला मोकळं रान, हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. शेवटी पुण्याला नेऊन उजव्या फुफ्फुसाचा एक भाग कापून काढला. जिन्याच्या आठ पायऱ्या चढले की अजून थांबावं लागतं. शाळेत माझा वर्ग तळमजल्यावर दिला आहे.

तुम्ही पेशंट असाल किंवा पेशंटच्या घरचे असाल तर एवढं करा. घरी न्यायच्या आधी उशाशी, कपाटामागे, पॅनेलमागे, सिलिंगच्या वर बघा. वास येतो असं घरात कोणी म्हणालं तर ते कोण म्हणतंय ते बघू नका. भिंत उघडा.

वैराग

सगळे डोस संपून चार महिने झाल्यावर डॉक्टरबाईंनी प्रवासाची परवानगी दिली. मी संजयला म्हणाले, पहिल्यांदा वैरागला जाऊ. त्यानं "बघ बाई" एवढंच म्हटलं. श्रेयाला आम्ही सोबत नेलं.

आत्या अंगणात शेळीला पाला टाकत होत्या. श्रेया गाडीतून उतरून तिथेच उभी राहिली. रस्ताभर तिनं काय बोलायचं ते ठरवलं होतं, मी तिच्याकडून म्हणून घेतलं होतं. तिला आठवेना. आत्या तिच्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं, किती उच झालीस. ये, पिल्लू धर." पोरगी धावत गेली. त्यांच्यात जे काही होतं ते तिथेच मिटलं.

मला त्यांनी आत घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं, चहा दिला. माझ्या डोक्यावर आलेले बोटभर केस बघितले. "दुकतं का आजून?" म्हणून छातीकडे बोट केलं.

"थोडं दुखतं." मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. म्हणाले, "आत्या, मी तुम्हाला फार वाईट बोलले. मी आजारी होते. औषधांनी डोकं ठिकाणावर नव्हतं. ती मी नव्हतेच."

त्या चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांनी जळतं लाकूड आत सारलं.

"संजू बी तेच म्हनतो," त्या म्हणाल्या. "आजारी हुती म्हनून बोलली. भाऊबंद बी तेच म्हनत्यात. म्या लई दिवस इचार केला त्याच्यावर. आगं, आजारानं मानूस नवं काय बोलत न्हाय. पोटात असतं तेच बोलतं. बारा वरसं तू माज्या हातचं खाल्लंस, सणाला पाया पडलीस, आन् पोटात हे हुतं. आजारानं निस्तं तोंड उगडलं तुजं."

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण आईच्या घरातला तो वास, नाकाला रुमाल लावणाऱ्या मुली आठवल्या. लग्न झाल्यापासून आत्या आमच्याकडे येऊन गेल्या की मी त्यांची चादर वेगळी, गरम पाण्यात भिजवायचे, तेही आठवलं.

"हो," मी म्हणाले. "होतं पोटात."

"ह्यं," त्या म्हणाल्या. "आता खरं बोललीस. रडू नको. मला राग न्हाय. तू जगलीस, माज्या लेकाचं घर ऱ्हायलं, बास झालं. पन तुज्या घरात म्या पुन्ना येनार न्हाय. पोरीला सुट्टीला धाड. संजू येईल सोडाय. तू नगं येऊस."

जेवूनच जा, असं त्यांनी संजयला सांगितलं. आम्ही जेवलो. भाकरी गरम होती, माझ्या ताटात त्यांनी तूप जास्त वाढलं होतं. मी ते सगळं खाल्लं.

आता झोपायच्या खोलीत पॅनेल नाही. बाथरूम उकरून पाइप बदलला, भिंतीला साधं सिमेंट आहे, रंग द्यायला माझं अजून मन होत नाही. दर महिन्याला रक्त तपासायला जाते. रिपोर्ट चांगला आला की संजय दवाखान्याच्या पायरीवरूनच वैरागला फोन लावतो. मी शेजारी उभी असते, पलीकडचा आवाज मला ऐकू येतो.

"बरी हाय का ती?" आत्या विचारतात.

"व्हय, बरी हाय," तो म्हणतो.

"हं. बरं झालं. पोरगी शाळंतनं आली की लाव फोन." आणि त्या फोन ठेवतात.